चोचीखाली धरलेला हात

मित्रांनो, विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीत जिन्याखाली एक अंधारी खोली आहे आणि त्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, बिघडलेल्या टेबलपंख्याला टेकून बसलेला जो लाकडी कोंबडा तुम्हाला दिसेल, तो मी. माझा तुरा एके काळी लालभडक होता. आता तो जुन्या विटेच्या रंगाचा झाला आहे. माझ्या पायांना नखांऐवजी चाके आहेत, छातीला ओढायची दोरी आहे आणि शेपटीखाली पत्र्याचा एक बिल्ला ठोकलेला आहे. त्यावर ‘संच दुसरा, वस्तू चौथी’ असे लिहिले आहे. बिल्ला पाहून मला कोणी साहेब समजू नये. मी एक साधे खेळणे आहे. फरक इतकाच की मला कोणत्याही मुलाच्या हाती कायमचे कधी दिले गेले नाही. मी मुलांपुढे ठेवला जाई आणि थोड्या वेळाने उचलून पुन्हा पिशवीत घातला जाई.

माझा जन्म दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडातून झाला. माझा सुतार दिवसभर दारे-खिडक्या करी आणि कामे आटोपली की उरल्यासुरल्या तुकड्यांची खेळणी करी. माझ्या पुढच्या चाकांच्या आसावर त्याने मुद्दाम एक उंचवटा ठेवला. चाक फिरले की तो उंचवटा माझी मान वर उचलतो आणि सोडून देतो. मान खाली येते आणि चोच समोरच्या पातळ फळीवर आपटते. ही फळी त्याने पुन्हा पुन्हा बदलली. जाड फळीचा आवाज त्याला बसका वाटे, फार पातळ फळीचा किरटा. मनासारखा ‘टक’ मिळाला तेव्हा तो मला भुशातून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत हिंडला आणि बायकोला म्हणाला, “ऐकलंस का? गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल आवाज.”

“जाईल की,” माझ्या तुऱ्याला रंग देणारी ती बाई म्हणाली, “आणि गल्लीच्या तोंडापासून माणसं भांडायला येतील.”

“येऊ देत. वाजत नाही ते खेळणं कसलं? मग त्याच्यात आणि पाटात फरक काय राहिला?”

हे वाक्य मी उराशी धरले. माझा आवाज हाच माझा गुण, असे मी मानून चाललो. पुढे ज्या घरात मला खाली मान घालावी लागली, तिथवर पोहोचेपर्यंत मला याची शंकाही आली नाही.

त्या काळी विद्यापीठातील काही माणसे एका प्रश्नाच्या मागे लागली होती. आईबाप मुलांना कसे वाढवतात हे समजून घेण्यासाठी त्यांच्याकडे एक प्रश्नावली होती. ती कुठेतरी दूर, ऐसपैस घरांतील आईबापांना विचारून तयार झाली होती आणि तिथे ती चोख ठरली होती. पण ज्या घरांची कमाई बेताची आहे, तिथेही ती तितकेच खरे सांगते का, हे कोणी तपासले नव्हते. मित्रांनो, हा प्रश्न प्रामाणिक होता. इतके सगळे घडूनही मला तो आजही प्रामाणिकच वाटतो.

तपासण्याची रीत अशी ठरली होती. आधी आईला प्रश्न विचारायचे. मग पिशवी उघडून आम्हाला, म्हणजे ठोकळे, चेंडू, कापडी बाहुली, चित्रांचे पुस्तक आणि मला, जमिनीवर मांडायचे आणि आई व मूल आमच्याशी कसे खेळतात ते बाजूला बसून पाहायचे. आईने सांगितलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले एकमेकांशी जुळले, तर प्रश्नावली भरवशाची. पाहणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, सुचवायचे नाही, हसायचेदेखील नाही. सर्वांना एकाच मापाने मोजायचे, तर सर्वांपुढे तेच ठेवले पाहिजे आणि तसेच वागले पाहिजे, असे या कामाचे प्रमुख सर म्हणत. त्यात वावगे काही नव्हते.

घरोघर जाण्याचे काम एका तरुण मुलीकडे आले. ती नुकतीच शिक्षण संपवून आली होती आणि दारात चपला काढताना त्या नेहमी सरळ जोडून ठेवी. कारखान्यांच्या मागच्या वस्तीतील बायकांनी पहिल्याच आठवड्यात तिचे नाव ‘प्रश्नताई’ ठेवले. तिला ते कळले, तेव्हा ती लाजली आणि मग तिने ते स्वीकारले.

त्या वस्तीतील घरे एका खोलीची होती. प्रश्नावलीला मात्र त्याची कल्पना नव्हती.

“मूल हट्टाला पेटलं तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवता का?” प्रश्नताईने एका घरी विचारले.

“दुसरी खोली शेजारच्या मावशीची आहे,” ती आई म्हणाली. “पाठवते कधीकधी. पण ती परत पाठवते.”

भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला, “परत नाही पाठवत, पोचवते. वाटेत सांडू नये म्हणून.”

“मुलाला रोज थोडा वेळ एकट्यानं खेळू देता का?”

“ताई, एकटं राहायची सोय झाली, तर आधी मी राहीन. पोराचा नंबर माझ्यानंतर.”

प्रश्नताईला हसू आवरत नसे. पण उत्तरासाठी चारच घरे आखलेली होती: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. त्यांतल्या एकात खूण करून ती पुढे जाई. मला वाटे, काय बिघडले? थोडे हसणे, थोड्या खुणा. मुले मला बोळातून ओढत नेत, मी टकटक करत धावे आणि लोक दारांतून डोकावत. त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. मला वाटू लागले होते की सारे काम माझ्याच चोचीवर चालले आहे.

मग आम्ही मुंगीच्या घरी गेलो.

मुंगी हे तिचे खरे नाव नव्हे. ती चालली तरी कळत नसे, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. वय तीनच्या आसपास. तिची आई दवाखान्याच्या लाँड्रीत सकाळच्या पाळीला जाई आणि दुपारी परत येई. वडील बेकरीत रात्रपाळीला. पहाटे पिठाने माखून येत आणि संध्याकाळपर्यंत झोपत. आम्ही गेलो तेव्हा खोलीच्या मध्यावर एक पडदा ओढलेला होता आणि पडद्याखालून दोन पावले दिसत होती.

“हळू बोला हं, ताई,” मुंगीची आई कुजबुजली. “हे झोपलेत. आता जाग आली तर रात्री भट्टीपुढे डुलक्या काढतील. यांच्या आधीच्या माणसाला तशानंच काढलं तिथून.”

त्या घराची एक गरज होती आणि ती वस्तीत सर्वांना ठाऊक होती. आमच्या या कामाला जी संस्था मदत करत होती, तिचे वस्तीच्या टोकाला एक पाळणाघर होते. मुंगीला तिथे जागा हवी होती. तिथे गेली असती, तर दिवसभर चार मुलांत ओरडली असती, धावली असती. जागा मिळेपर्यंत तिला सकाळभर झोपलेल्या वडिलांच्या उशाशी गप्प बसावे लागे. आणि आमची तपासणी पुरी होण्याआधीच संस्थेच्या बाईंनी ठरवून टाकले होते की प्रश्नावलीत ज्यांचे गुण कमी, त्या आयांनी आधी पालकांच्या मार्गदर्शन वर्गाला बसायचे. पाळणाघराचे नंतर पाहू. ज्याची परीक्षा चालू आहे, त्यालाच परीक्षक नेमण्याचा हा प्रकार होता. पण लाकडाच्या कोंबड्याचे मत कोण विचारतो?

प्रश्नताई दबक्या आवाजात एकेक प्रश्न विचारू लागली. मुंगीची आई नीट विचार करून, एकही गोष्ट न लपवता उत्तर देत होती. मग तो प्रश्न आला.

“मुलाला कधी बांधून ठेवता का?”

“ठेवते की. रोज.”

प्रश्नताईची पेन्सिल थांबली. “रोज?”

“मी कामावर जाते ना सकाळी. हे झोपलेले असतात, आणि हिला दाराची फार ओढ. बाहेर मोठ्या गाड्या. म्हणून जुन्या चादरीची पट्टी केलीये. ती बघा, खुंटीवर. एक टोक हिच्या कमरेला सैल बांधते, एक यांच्या मनगटाला. ही दाराकडे गेली की यांचा हात ओढला जातो, हे जागे होतात.” ती पडद्याकडे पाहून हसली. “आता तर हिनं त्याचा खेळ केलाय. मध्येच पट्टी एकदा ओढते आणि थांबते. हे झोपेतच परत ओढतात. मग ही पुन्हा. बोलणं नाही, चालणं नाही. बापलेकींचं सकाळभर तेच चालतं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रश्नताईने आखलेल्या चार घरांवरून पेन्सिल फिरवली, जणू पाचवे घर कुठे लपले आहे का ते ती शोधत होती. उत्तर जसे आले तसे नोंदवावे, असा नियम होता. तिने ‘नेहमी’वर खूण केली आणि समासात बारीक अक्षरांत चार ओळी लिहिल्या. समासात लिहिलेले मोजले जात नाही, हे तिलाही माहीत होते.

मग पिशवी उघडली गेली. मुंगीने ठोकळ्यांकडे पाहिले, चेंडूकडे पाहिले आणि माझी दोरी धरली. मी एक पाऊल पुढे गेलो आणि माझ्या सुताराच्या साऱ्या कौशल्यानिशी वाजलो. टक.

पडद्यामागची पावले हलली.

मुंगीच्या आईने झडप घालून मला उचलले आणि शेजारच्या पांघरुणात खुपसले. मला काही दिसेना. माझी दोरी तेवढी बाहेर राहिली होती आणि तिचे टोक मुंगीच्या मुठीत होते. थोड्या वेळाने मला एक बारीक ओढ जाणवली. एकदाच. आणि मग काही नाही. ती थांबली होती.

मित्रांनो, त्या लेकराला दोरी म्हणजे काय एवढेच ठाऊक होते: आपण ओढायची, आणि पलीकडून कोणीतरी परत ओढते. ती वाट पाहत होती आणि मी लाकूड होतो. माझे चाक फिरते, मान हलते, चोच आपटते. पण ओढणाऱ्याला परत ओढण्याचे कसब माझ्यात कोणी घातले नव्हते. इतका लाचार मी कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात पांघरुणात एक हात आला. साबणाने सोललेला, खरखरीत हात. त्याने मला पोटाशी धरले आणि हलकेच मागे ओढले. पांघरुणाच्या फटीतून मला मुंगीचा चेहरा दिसला. ती हसत होती. तोंड उघडे, डोळे मिटलेले, सगळे अंग गदगदते आहे, आणि आवाज मात्र अजिबात नाही. इतके पोटभर आणि इतके मुके हसू मी ना आधी पाहिले, ना नंतर. ती ओढी, आई परत ओढी. वेळ संपेपर्यंत मायलेकी तशाच खेळत राहिल्या. त्यांचे श्वास तेवढे ऐकू येत होते.

बाहेर बसथांब्यावर प्रश्नताईने मला मांडीवर घेतले आणि निरीक्षणाच्या कागदावरचे मुद्दे स्वतःशीच वाचत ती खुणा करू लागली. आईने मुलाच्या हातातले खेळणे काढून घेतले: होय. आई मुलाशी खेळताना बोलली: नाही. मूल ऐकू येईल असे हसले: नाही. खेळणे कसे वापरायचे हे मुलाला उमगले: नाही. शेवटच्या खुणेपाशी ती बराच वेळ थांबली. बस आली आणि गेली.

“यातलं एकही खोटं नाही,” ती मला म्हणाली. “आणि एकही खरं नाही.”

काही आठवड्यांनी सरांच्या खोलीत बैठक झाली. आमचा संच टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला होता, म्हणून मी सारे ऐकले. सर समाधानात होते. वस्तीतही प्रश्नावली आणि निरीक्षण चांगले जुळले होते. मुंगीच्या घराचे तर हुबेहूब जुळले होते: आईच्या उत्तरांत गुण कमी, निरीक्षणातही कमी.

“म्हणजे प्रश्नावली इथंही चालते,” सर म्हणाले.

“सर, दोन्ही एकाच बाजूनं आंधळी असतील, तरीही जुळतीलच ना?” प्रश्नताई म्हणाली. “मी तिथं होते. ती आई खेळत होती. आपल्या कागदावर पडद्यामागे झोपलेल्या माणसाला जागाच नाही.”

सर वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “अगं, घरोघरी मातीच्या चुली. प्रत्येक घराला काही ना काही कारण असतंच. प्रत्येकाचं कारण धरून बसलो, तर मोजायचं काय? तुझं निरीक्षण टीप म्हणून घालू या. शेवटी.”

“आणि पाळणाघराच्या यादीचं?”

“ते संस्थेचं काम आहे. त्यात आपण कसं पडणार?”

टीप खरोखरच घातली गेली. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. पाळणाघराची यादी त्याआधीच भिंतीवर लागली होती आणि तीत मुंगी नव्हती. तिच्या आईला मार्गदर्शन वर्गाचा निरोप गेला. वर्ग सकाळी, आणि तिची पाळीही सकाळीच. तिने विनवण्या करून दुपारची पाळी मागून घेतली आणि वर्गाला बसली. वर्गात तिला सांगितले की मुलाला बांधणे हा गुन्हा आहे. तिने घरी येऊन ती पट्टी खुंटीवरून काढली आणि फरशी पुसायला घेतली.

वर्ग संपल्यावर त्याचा उपयोग झाला का हे पाहण्यासाठी प्रश्नताईला पुन्हा पाठवण्यात आले. त्या दिवशी मुंगीच्या आईची साप्ताहिक सुट्टी होती. पडदा बाजूला सरकवलेला होता. वडील भिंतीला पाठ टेकून बसले होते. आता दुपारी आई कामावर जाई, आणि पट्टी नव्हती, म्हणून मुलीवर नजर ठेवत त्यांना जागेच राहावे लागे. सकाळी मायलेकी वर्गाला जात, तेवढीच त्यांची झोप. आता वर्ग संपला होता, तरी आईची दुपारची पाळी तशीच राहिली होती. त्यांचे डोळे भट्टीतल्या निखाऱ्यांसारखे लाल होते, तरी त्यांनी उठून प्रश्नताईला बसायला चटई दिली.

“मुलाला बांधून ठेवता का?”

“नाही. कधीच नाही.”

“मुलाला गोष्ट सांगता का?”

“रोज. झोपताना.” मुंगीच्या आईने मधेच आवाज खाली आणला. “ताई, आता बरोबर येतंय ना? मागच्या वेळी कुठं कुठं चुकलं ते वर्गात कळलं.”

प्रश्न विचारताना मध्ये काही बोलायचे नाही, असा नियम होता. प्रश्नताईने तो मोडला. “तुमचं काही चुकलं नव्हतं हो.”

“मग जागा का नाही मिळाली?”

प्रश्नताईने पुढचा प्रश्न वाचला.

मला जमिनीवर ठेवले गेले. या वेळी मुंगीची आई मोठ्याने म्हणाली, “चल मुंगे, कोंबड्याला पळव बघू. वाजव टकटक.” आणि तिने स्वतःच माझी दोरी ओढली. टक. वडील दचकले आणि दचकल्याचे लपवण्यासाठी हसले. टक. टक. मी कधी इतका कर्कश वाजलो नव्हतो.

मुंगी धावत आली. माझ्यापुढे उकिडवी बसली आणि वडिलांकडे पाहत तिने आपला तळहात माझ्या चोचीखाली धरला.

दोरी ओढली गेलीच होती. माझी मान उचलली गेली आणि सुटली. मला थांबता आले नाही. माझी चोच तिच्या हातावर आपटली आणि आवाज झाला नाही. तिने ओठ घट्ट मिटले, पण हात काढला नाही.

“हात काढ गं,” आई म्हणाली. “बाबा जागेच आहेत. वाजू दे. ताई बघतायत ना? हस की जरा. मोठ्यानं हस.”

मुंगीने हात काढला. मोठ्याने हसायचे म्हणजे काय करायचे, ते कळत नसल्यासारखी ती आईकडे पाहत राहिली. मग तिने माझी दोरी घेतली, तिचे टोक नेऊन वडिलांच्या हाती दिले, आपण माझ्याजवळ येऊन बसली आणि मला पोटाशी धरून एकदा मागे ओढले. आणि थांबली.

वडिलांचा डोळा लागला होता. दोरी त्यांच्या सैल बोटांतून गळून जमिनीवर पडली.

तिने पुन्हा ओढले आणि पुन्हा थांबली.

त्या दिवशी त्या घराचे गुण बरेच वाढले. बांधून ठेवणे: कधीच नाही. आई खेळताना बोलली: होय. खेळण्याचा आवाज काढून खेळले: होय. संस्थेने वर्ग यशस्वी झाल्याचे कळवले. मुंगीच्या आईला सांगण्यात आले की तिचे नाव आता यादीत घेतले आहे. जागा झाली की निरोप येईल. मी त्या वस्तीत होतो तोवर तरी निरोप आला नव्हता.

प्रश्नताईने त्यानंतर एकदा मला घेऊन सरांची खोली गाठली होती. माझ्यापुढची फळी काढून मला मुका करावे आणि मुंगीला देऊन टाकावे, एवढेच तिचे मागणे होते. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले. पण संच अपुरा ठेवता येत नव्हता. वस्तू चौथी नसली तर सगळी मोजणी बाद झाली असती. ते काम संपले तेव्हा ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली. जाताना तिने माझी दोरी नीट गुंडाळली आणि मला कपाटात ठेवले.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे मोठी माणसे म्हणतात. मी कोंबडा आहे आणि मी झाकलेला आहे. बाहेर उजाडले की नाही, ते मला इथून कळत नाही. मुंगी आता केवढी झाली असेल, ती आवाज करून हसते का, हेही कळत नाही. सुताराने माझी चोच इतकी मन लावून केली होती, की एवढ्या वर्षांत तिचा टवकाही उडालेला नाही. फक्त टोकाला, तो लहान हात लागला त्या ठिकाणी, मला अजून काहीतरी बोचते.

मित्रांनो, मला नवा रंग नको, दुरुस्तीही नको. उद्या तुम्ही मोठे व्हाल, शिकाल आणि कधीतरी कोणाच्या दारात प्रश्न घेऊन उभे राहाल. तेव्हा आपले प्रश्न त्या खोलीत मावतात का, ते आधी पाहा. पडद्यामागे कोण झोपले आहे, ते विचारा आणि सांगतील ते समासात नव्हे, पानावर लिहा. आणि एखाद्या लहान मुलाने हातातली दोरी एकदाच ओढली व ते तुमच्याकडे पाहत थांबले, तर त्याला खेळता येत नाही असे समजू नका. दोरीचे दुसरे टोक उचला आणि हलकेच परत ओढा.

मला ते कधीच करता आले नाही.